कोपरे

गड नदी तळाशीलला येते
आणि समुद्र समोर दिसत असूनही आत शिरत नाही,
वाळूच्या पट्टीमागून चालत राहते
सर्जेकोटपर्यंत, कुणाचा निरोप टाळावा तशी.
ओहोटीला इथे काळी रेघ उघडी पडते.
लाटेला न उचलवलेली, जड.

मी करवंटीत मूठभर घेते, पाण्यात गरगरवते.
हलकं जातं. जड बसतं.
चुंबक फिरवला की काळं उडून चिकटतं
आणि तळाशी उरतात चार-दोन कण
पातळ मधाच्या रंगाचे,
मिठाच्या दाण्याहूनही बारीक.
झिर्कॉन.

"ह्या घेवन काय करतलंस गो?"
भामाकाकी कुबल, खुब्यांची टोपली कमरेला.
कोपरे बघणार, मी म्हणते.
सुईसारखा लांबट असेल, तर खडक घाईत निवला.
आखूड, जाड, दोन्ही टोकांना मनोरा,
तर खोल जमिनीत सावकाश; वेळ होता त्याला.
वाटोळा असेल, तर घासला गेलाय
अशा नद्यांत, ज्यांना आता पात्र नाही.
आणि विजयदुर्गाकडचा काळा कातळ?
त्याच्यात हे जवळजवळ नाहीतच.
आग होती तिथे भरपूर,
ह्यांच्यापुरतं सामान नव्हतं.

काकीला यात नवल वाटत नाही.
टोपलीतून ती एक खुबा काढते:
"ह्यो हयचो. कड बघ, बोट कापतला."
मग पायाखालचा पांढरा, गुळगुळीत:
"ह्यो भायरून इलो."
पुस्तकातली तीन पानं संपली इथे.

कणकवलीला, रात्री, प्रयोगशाळेत
पंखा बंद ठेवून (दाणे उडतात)
सतराव्या काचपट्टीवर मला तो दिसला.
बाहेरून धारदार, प्रत्येक पैलू ताजा,
आणि आत, पोटात,
एक वाटोळा गाभा, झिजून झिजून गुळगुळीत.
म्हणजे आधी एक खडक. मग नदी.
मग वाळू, गाळ, ओझं, पुन्हा आग,
आणि त्या वितळलेल्या अंधारात
न विरघळता राहिलेल्या एवढ्याशा जिवाभोवती
सालीवर साल चढत गेली,
जुने कोपरे परत नाही आले,
नवेच आले.
हा दाणा खोटं बोलत नव्हता.
दोनदा खरं बोलत होता.

पुढच्या मंगळवारी काकीला सांगितलं.
ती बांगडे कापत होती, मान वर न करता म्हणाली,
"मगे तेका खंयचो म्हणतलंस?"

तेवढ्यात मांजर आलं.
त्याला हाकलताना तिच्या तोंडून एक शब्द गेला
जो तळाशीलचा नव्हता.
कारवारहून लग्न होऊन आली ती, एकोणसाठ साली.
शब्दाच्या कडा गेल्या होत्या.
शब्द होता.

वहीत 'उगम' नावाचा एक रकाना आहे.
सतरा नंबरसमोर मी लिहिलं
पेन्सिलीने.