पेव

मला तासिका तत्त्वावर घेतलंय.
धर्मांचा तौलनिक अभ्यास, पेपर सहा,
मंगळवार, गुरुवार, जुनी इमारत, तळमजला.
ज्या दिवशी सही नाही, त्या दिवशी तास झालाच नाही
असं हेडक्लार्क पाच्छापुरे म्हणतात,
आणि मी वर्गात जाऊन सात पोरांना सांगते
की जग सहा दिवसांत झालं
आणि सातव्या दिवशी कुणी सही केली नाही.

मुलाखतीला तिघे होते.
एकांनी विचारलं, नेट कधी झालं.
दुसऱ्यांनी, या विषयाला सांगलीत स्कोप काय.
तिसरे माझं आडनाव बघत बसले बराच वेळ,
मगदूम म्हणजे जैन ना तुम्ही?
मग हे यहुद्यांचं कुठून?
आईमुळे, म्हणाले.
त्यांना वाटलं, टाळतेय.

आई दिवस मावळायच्या आत जेवते.
गावभागातल्या खिडकीतून बघत असते
समोरच्या पत्र्यावरून ऊन उतरताना.
तिला सांगितलं, असे लोक आहेत,
शुक्रवारी अशीच खिडकी बघतात,
दिवस मावळला की त्यांचा दिवस उगवतो.
ती म्हणाली, मग जेवतात कधी?
प्रबंधाचं दुसरं प्रकरण या प्रश्नावर लिहिलं.
गाइडनी ते तळटीपेत ढकललं.

मिरजेत मोझेलबाई घोसाळकर सापडल्या.
चाळीस वर्षं नर्स, आता गुडघे.
आमचे कोकणात तेल गाळायचे, म्हणाल्या,
शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार-तेली.
तू शनिवारी कॉलेजला जातेस?
तास नसतो.
मग तू बरी, मी शनिवारीसुद्धा सलाइन लावली.

वडिलांची वही दिली त्यांनी,
पुढून हिब्रू प्रार्थना, बाळबोध अक्षरात,
मागून घरखर्च.
वाचून परत दे.

आमचं घर गळतं,
म्हणून मी वही कॉलेजच्या कपाटात ठेवली.
तळमजला, वर लिहिलंच आहे.

ऑगस्टात कृष्णा आली.
आयर्विन पुलाची पट्टी लोक फोनवर वाचत होते,
पंचेचाळीस, पन्नास, मग कुणी वाचेना.
कपाट उघडलं तेव्हा आत लगदा होता,
एका पानावर अदोनाय राहिलेलं,
त्याचाही काना वाहून गेलेला.
पाच्छापुरे म्हणाले, पंचनामा झालाय, रद्दीत घाला.

मोझेलबाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.
नाव लिहिलेला कागद टाकत नाहीत, म्हणाल्या,
पुरतात, माणसासारखा.
हे मी शिकवते. पाच गुणांची टीप आहे.

हरिपुरात मामाचं एक पेव उरलंय,
हळद नाही, वास आहे.
मामाने आधी कंदील सोडला. निम्म्यात विझला.
आत हवा नाही, म्हणून तर माल टिकायचा, तो म्हणाला.
मग कुणी उतरलं नाही.
वही आईच्या जुन्या लुगड्यात बांधून
दोराने सोडली, हाताला ओझं लागेना होईपर्यंत.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
मोझेलबाईंनी मामाला मोजलं, एक.
मग मला म्हणाल्या,
वाचलीस ना तू? काय होतं तिच्यात, सांग.

प्रार्थना पुस्तकांतही आहेत.
मी मागची पानं सांगितली.
रॉकेल, तांदूळ, मोझेलचे बूट,
शुक्रवारी वाती,
आणि शनिवारी काहीच नाही,
तारीखसुद्धा नाही.
माझ्या टिपणात मी तिथे शेरा मारला होता,
नोंदी अपूर्ण.

त्या दिवशी लिहीत नसत गं, म्हणाल्या,
आणि पेवाच्या तोंडावर फरशी सरकवायला
मामाला हात लावायला गेल्या, गुडघ्यांसकट.

सप्टेंबरात बिल भरायला बसले.
पुराचे तास धरत नाहीत, पाच्छापुरे म्हणाले,
रकाने कोरे सोडा.
सोडले.
शेऱ्याच्या जागी पेन जरा थांबलं,
मग त्यांनीच कागद ओढून घेतला.