सहा पिना

निवतीच्या मच्छिमार सोसायटीतला कॉम्प्युटर
खाऱ्या हवेनं मेला. म्हणजे सप्लाय मेला;
बोर्ड जिवंत, पण कंपनीच्या हट्टाचा,
त्याला सहाच पिना, त्याही आपल्याच क्रमानं.
माझ्याकडे कुडाळहून आणलेला साधा,
चोवीस तारांचा झुबका.

डिझेलच्या कोट्याचे सगळे हिशेब आत.

हिरवी तार काळीला टेकवते. पंखा फिरतो.
जांभळीत पाच व्होल्ट,
ह्या बोर्डाला झोपेतसुद्धा बारा लागतात.
मधे नखाएवढा बूस्टर,
त्याचा स्क्रू श्वास धरून फिरवते:
अकरा चाळीस... अकरा नव्वद... बारा.

उंबऱ्यावर जाळं सांधणारे खवणेकरतात्या म्हणतात,
"ह्यो सहाचो प्लग बसता मा? मगे?"
बसतो, तात्या. दुसऱ्याच कामाचा आहे तो.
बसतो म्हणून तर भीती.

तारा आवळायला पट्टी उरलेली नाही.
ते काही विचारत नाहीत,
नायलॉनचा दोरा दातानं तोडून
तीन वेढे घालतात,
पापलेटाच्या जाळ्याची गाठ.

बटण.
काही नाही.

राखाडी! राखाडी राहिली.

मग पडदा उजळतो, पासवर्ड मागतो.
तो फक्त सेक्रेटरीला ठाऊक,
आणि सेक्रेटरी काल रात्रीपासून
बांगड्यामागे, रेंजबाहेर.