शून्याचा महिना

तामालेच्या इस्पितळात, वॉर्ड तीन.
फळ्यावर मेमुनातूच्या हातचं गरगरीत शून्य:
महिन्याभरात एकही रुग्ण पडला नाही.
साहेब फोटो काढून घेऊन गेले.

सहा नंबरच्या म्हातारीच्या कोपराखाली मात्र
जांभळं होत चाललेलं काहीतरी.
"अझारा, हे कधीचं?"
अझारा सलाइनचे थेंब मोजत राहिली,
मोजून झालेलेच, पुन्हा.

घटनांची वही कोरी.
तिच्यावर हरमॅटनची तांबूस धूळ.
मेमुनातूने ती तळहाताने झटकली
आणि पहिली ओळ स्वतःचीच लिहिली:
मंगळवारी इन्सुलिन दुप्पट. माझ्या हातून.

वही उघडी टाकून चहाला गेली.
चहा नको होता.

परतली तेव्हा खाली दुसरी ओळ होती,
बारीक, खाली घसरत गेलेली,
शाई अजून ओली.

तिने बाहीनेच
फळा पुसला.