तेवीस मिलिमीटर

शिरोलीच्या गेटवर म्हणाले, "मशीन बघायला आलो."
आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात,
तरी वॉचमन माझ्या पाठीमागं
कुणी बाप्या दिसतोय का ते बघत राहिला.
बॅग उघडून दाखवली : पाना, मल्टिमीटर, पाणसळ,
आणि कंपनीच्या नाण्यांची थैली, मोजून शंभर,
दिवसभर मशीनला खायला घालायची
आणि संध्याकाळी त्याच्या पोटातून परत मोजून घ्यायची.
किती चहा विकत घेतले मी आजवर,
ओतून दिले मोरीत.

हे मशीन मार्चमध्ये मीच बसवलेलं.
चारी पाय समतल, बुडबुडा मधोमध निवांत.
पण शेजारच्या शेडात पॉवर हॅमर आहे.
दर ठोक्याला मशीन केसभर सरकतं,
चार महिन्यांत वीतभर दाराकडं आलंय,
त्यालाही पाळी सुटायची वाट बघायची सवय लागली असावी.

पत्र्यावरचे पोचे मला वाचता येतात.
गुडघ्याच्या उंचीवर : चहा आला, कप आला नाही.
छातीच्या उंचीवर, मुठीचा :
पैसे गेले, काहीच आलं नाही,
आणि घरीही तसंच काहीतरी चाललंय.

गल्ला उघडला. तूट पंच्याऐंशी रुपये.
खऱ्या नाण्यांत मिसळलेल्या
सतरा चकत्या. पितळी.
ना सिंह, ना आकडा, दोन्ही अंगांनी कोऱ्या.
व्हर्नियर लावला. तेवीस मिलिमीटर.
दुसरी, तेवीस.
सतरावी, तेवीस.
सहा ग्रॅम, काट्याला काटा.
सेन्सरला काय बोल लावायचा,
डोळे मिटले असते तर मीही चहा दिला असता.

आणि कडेला चाम्फर.
खोट्या नाण्याला चाम्फर कशाला?
अंधाऱ्या डब्यात जाऊन पडायचं त्याला,
कोण बघणार होतं?
तरी मारलाय. बारीक, गोलभर सारखा,
कुणाचं बोट कापू नये म्हणून.

सुपरवायझर वणकुद्रे मागं येऊन उभे.
"काय सापडलं काय ओ, म्याडम?"
"सेन्सर सैल होता. आवळला."
हे खरंच होतं.
फॉर्मवर तूट लिहिली, कारणापुढं लिहिलं : इतर.
चकत्या पान्याच्या चिंधीत गुंडाळल्या.

साडेचारचा भोंगा झाला.
रांगेत तिसरा, बाहीवर पितळेचा कीस.
त्यानं टाकली. मशीननं
खालच्या वाटीत परत टाकली : टण्ण.
त्यानं ती उचलली, बाहीला पुसली,
माझ्याकडं बघितलं नाही.
दुसऱ्या खिशातून खरं नाणं काढायला
त्याला जरा वेळ लागला.

घरी आप्पा. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांच्या तळहातावर एक ठेवली.
अंगठा कडेवरून फिरला, सुलटा,
मग उलटा. थांबला.
"हात चांगलाय," म्हणाले.
"पगार किती हाय त्याला?"

ते मी विचारलं नव्हतं.
"चहा पाचला आहे," म्हणाले.