पान एकशे ब्याऐंशी

त्रेचाळीस वर्षं मी रंगमंचाच्या पोटात बसले.
डोक्यावर लाकडी टोपण, समोर तिरका दिवा,
मांडीवर ही वही. हिची पाठ तीनदा शिवून घेतली.
गायकांना मी चेहऱ्यापेक्षा बुटांवरून ओळखते.
डावी टाच झिजलेली, तो लोटार.
अंगठा आत वळला, की समजायचं हा आता विसरणार.

आमचं गाव चांदी संपलेल्या खाणींचं.
ऑपेरागृह मात्र असं, की परका माणूस थबकून विचारतो,
एवढं मोठं कोणासाठी बांधलंत?

गोष्ट पोराटोरांना पाठ आहे.
डोंगराखाली राजा झोपलाय, दाढी टेबल फोडून जमिनीत रुजलीय.
कोळसेवाल्याची मुलगी कंदील घेऊन खाली उतरते,
आणि तिसऱ्या अंकात, पान एकशे ब्याऐंशीवर,
चाळीस गळे एकदम:
ऊठ, ऊठ, आमच्या –

फ्राउ लोझे माझ्याआधी ह्या खोक्यात बसायची.
वही सोपवताना तिने हेच पान उघडलं.
"इथे जपून. कागद पातळ झालाय."
दिव्यासमोर धरला तर पलीकडची माझी बोटं दिसली.

छापलेलं होतं: राजा.
त्यावर जांभळ्या पेन्सिलीने, कुठल्याशा उपाशी हिवाळ्यात: प्रजा.
मग तांबड्या शाईत, पुढच्या तीन पानांवर वळ उमटतील इतकं दाबून: रक्त.
ते खोडताना कागद फाटला, म्हणून खळीने पट्टी लावलेली,
पट्टीवर टाइप केलेलं: श्रम.
सगळे दोन अक्षरी. एकही सूर हलवावा लागला नाही.

मी विचारलं, "तो तांबडा शब्दही तुम्ही कुजबुजलात?"
ती टोपीची पिन शोधत राहिली.
"कोरस तो कधी विसरलाच नाही गं.
मला ओठ हलवावेच लागले नाहीत."
मग बऱ्याच वेळाने, जिन्यात, पाठमोरी:
"हलवले मात्र."

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात तालीम अर्ध्यावर सुटली.
सैनिक, कोळसेवाले, दोन वनदेवता
वेशावर ओव्हरकोट चढवून चौकात गेले. मीही.
आम्हीच जनता! आम्हीच जनता!
माझा आवाज फाटला, मोठ्याने बोलायची सवय नव्हती.
नाताळापर्यंत त्या ओळीतला 'च' गळला
आणि 'एक' शिरला: आम्ही एक जनता.
कोणी घातला, पाहिलं नाही.
त्या वेळी पेन्सिल माझ्याकडे नव्हती.

पुढे श्टुटगार्टहून नवा दिग्दर्शक आला.
त्याने नखाने पट्टी सोलली, खालचं सगळं वर आलं.
चष्मा पुसत म्हणाला, "इथे कोरस गप्प राहील."
आठ मात्रा नुसती वाद्यं.
पहिल्या रात्री त्या आठ मात्रांत
बाल्कनीतल्या एका म्हाताऱ्याने एकट्यानेच गाऊन टाकलं.
कुठला शब्द, यावर शेजारच्या खुर्च्यांत अजून वाद आहे.

माझ्या शेवटच्या हंगामात राजा होता ग्युन-ताक.
बेकरीच्या वर राहायचा, दाढीच्या गोंदाने गालावर पुरळ यायचं.
ट्रामच्या थांब्यावर एकदा त्याला कोणी ओरडलं, घरी जा.
तो म्हणाला, "घरीच चाललो होतो."
मला त्याने विचारलं, "त्या आठ मात्रांत काय होतं?"
मी पान दाखवलं. चारही शब्द त्याने बोटाने वाचले, आंधळ्यासारखे.
"माझ्या आजोबांना शाळेत दुसऱ्याच देशाचं गाणं घोकायला लावलं.
म्हातारपणी ते माझं नावसुद्धा विसरले.
ते गाणं राहिलं."

शेवटचा प्रयोग. राजा उठला, दाढी जमिनीतून उपटली,
धूळ माझ्या दिव्यावर पडली.
वाद्यं सुरू झाली. कोरस गप्प.
ग्युन-ताक कडेपर्यंत आला, आणि मी पाहिलं,
त्याच्या उजव्या बुटाचा अंगठा आत वळला होता.
तिथे त्याला म्हणायचं काहीच नव्हतं.
तरी तो खाली, माझ्याकडे, बघत राहिला.
पाचवी मात्रा. सहावी.
माझे ओठ उघडले.