आत ओढलेला हो

आमच्याकडे, नदीच्या या वरच्या अंगाला,
'हो' म्हणायचं ते श्वास आत ओढत.
परक्या माणसाला वाटतं, दचकली की काय ही.
ओइवाचं निम्मं बोलणं त्यातच उरकायचं.
लग्नाचं मीच विचारलं होतं.
लाकडाच्या ट्रकचं दार उघडं धरून
त्याने तेवढाच एक श्वास आत घेतला होता.

आधी बुटांच्या नाड्या गेल्या, मग चमचा,
मग शब्द, एकेक व्यंजन झिजत.
श्वास मात्र चोरपावलांनी निघाला.
सकाळी डोकं दुखायचं,
मी म्हटलं, उशी बदलू.
दुपारी खुर्चीतच मान कलायची,
मी म्हटलं, डिसेंबर आहे, सूर्य उगवत नाही,
इथे कोण जागं असतं?
फुंकायच्या नळीवरचा आकडा
माझ्यासारखी समजूत काढत बसला नाही.

आता मी एक कान मास्कपाशी ठेवून झोपते.
नाकाच्या हाडावरून तो केसभर सरकला
तर हवा शीळ घालते,
आणि गजर व्हायच्या आत माझा हात तिथे.
खोकलासुद्धा यंत्राने काढायचा:
फुगव, उपस, फुगव, उपस,
मग तोंडातलं नळीने ओढून घ्यायचं.
त्या मार्चात वीज गेली नऊ तास,
बॅटरी सहाची.
एस्को जनरेटर घेऊन आला बर्फातून,
जोडून दिला, कॉफी घेतली,
आणि ओइवाला विचारलं, यंदा नदी कधी फुटेल?
विचारून थांबला.
गावात अजून थांबणारा तो एकटाच.

परवा छातीत घरघर सुरू झाली.
बाहेर उणे एकतीस.
ॲम्ब्युलन्सचा पोरगा सिलिंडर उघडायला लागला,
बोटावरचा आकडा दाखवत, बघा, शहाऐंशी!
मी फ्रिजवरचा कागद त्याच्या हातात कोंबला.
माझ्या अक्षरात, लाल पेनाने:
नुसता ऑक्सिजन देऊ नका.
हवा कमी नाही रे बाबा, ती ढकलणारं कोणी नाही.
तू दिलास तर आकडा गोरागोमटा होईल
आणि हा आतल्या शिळ्या हवेत निजून जाईल.
आधी यंत्र लाव. याचं, तुझं नव्हे.
पोरगा वाद घालणार होता.
मग ओइवाने त्याच्याकडे पाहिलं
आणि त्याने झडप बंद केली.

रोव्हानिएमीपर्यंत एकशे सत्तर किलोमीटर
मी त्यांच्या मागे माझी गाडी हाकली,
परतायला काहीतरी लागतंच म्हणून.
दोनदा लाल दिवे थांबले.
एकदा रेनडिअर होते रस्त्यात.
दुसऱ्यांदा का थांबले
ते मी अजून विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर सारेला खुर्ची ओढून बसल्या.
उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं.
गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल,
म्हणजे वर्षं मिळतील, कदाचित बरीच,
आणि घरात चोवीस तास कोणीतरी जागं लागेल.
की नको? त्यांनी विचारलं,
आणि नेमकं त्याच क्षणी
यंत्राने हवा आत ओढली,
हुबेहूब आमच्याकडचा हो.

मी ओरडलेच, ते त्याने नाही म्हटलं!
डॉक्टर दक्षिणेकडच्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.
मला मात्र घाम फुटला,
कारण मला कळेना, मी कशाला घाबरले,
तो हो खोटा म्हणून
की खरा असेल म्हणून.

मी अक्षरांची काचपट्टी धरली आमच्या मध्ये.
त्याची बुबुळं चालू लागली, सावकाश,
बर्फावरून भरला ट्रक न्यावा तशी.
डॉक्टरांनी पेन काढलं.
अकरा मिनिटं लागली.
गाडी हीटरच्या तारेला जोडलीस ना?

मी खिडकीतून पाहिलं.
पार्किंगमध्ये खांब होता, गाडी होती,
आणि तार माझ्या कोटाच्या खिशात होती.

येते, म्हटलं.
डॉक्टर म्हणाल्या, उत्तराची घाई नाही.
माझ्यामागे यंत्र पुन्हा एकदा हो म्हणालं,
आणि जिना उतरता उतरता
मीही, आत ओढून.