रिकाम्या टायरची दोरी

व्हर्लिन म्हणायचा, भरल्या टायरवर
कोणीही गाडी मोजेल.
टायर बसल्यावर काय काय जमिनीला लागेल,
ते मोज.

म्हणून यलोस्टोनच्या काठी त्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी पालथा पडून दोरी ताणायचो,
या रिमच्या तळापासून त्या रिमच्या तळापर्यंत,
आणि दोरीखाली लोंबताना जे सापडेल
त्यावर खडूची फुली.
ऑइल पॅनचा कोपरा: फुली.
सायलेन्सरचं वळण: फुली.
शॉकचा खालचा बोल्ट: अर्धीच,
कारण तो म्हणाला, हा निमूट कापून घेईल.

एकतीस सालची फोर्ड,
जिच्यात शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी वीस वर्षं अंडी घातली.
पुढचा अॅक्सल टोकांशी चार इंच वर वळवलेला,
त्यावर आडवी स्प्रिंग, पाट्यावर पाटा.
शॅकल तिरके हवेत, तो म्हणायचा,
ताठ उभे राहिले तर
स्प्रिंग बिचारी वाकायला जागा कुठून आणेल?
(त्याचे स्वतःचे गुडघे तेव्हा वाकत नव्हते.
खाली मी. वर तो, बादलीवर बसून, दिवा धरून.)

मला गाडी जमीन चाटणारी हवी होती. एकोणीस वर्षांचा होतो.
तीन इंच, मी म्हणालो.
बीटच्या गोदामाकडे जाताना रूळ लागतात, तो म्हणाला. पाच.
चार.
साडेचार, आणि आता गप्प.
घासाघीस इथंच झालेली बरी,
रुळांवर नको.

उंची ठरते ती माणसांसकट.
टाकी काठोकाठ. त्याच्या जागी मी,
मांडीवर बॅटरी घेऊन, त्याच्याएवढा भरावा म्हणून.
आणि उजव्या सीटवर, आर्डिसच्या नावानं,
कुत्र्याच्या खाण्याची चार पोती, चाळीस-चाळीस पौंडांची.
तिला सांगू नकोस, तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच लाजला.
मागच्या अॅक्सलपासून वरच्या रबरापर्यंतची फट
दोन्हीकडे सारखी आली, केसाचा फरक नाही.
त्यानं ती खडूनं भिंतीवर लिहिली.

सप्टेंबरात आर्डिस आली, डोक्याला रुमाल बांधून.
दार दोन्ही हातांनी धरून आत उतरली,
जशी माणसं थंड पाण्यात उतरतात.
मी मागे टेप घेऊन.
डावी फट बरोबर.
उजवी जास्त.
पेन्सिल आडवी सरकेल, एवढी.

व्हर्लिन, उजवी बाजू वर राहतेय.

त्यानं हवा तपासली. यू-बोल्ट तपासले.
पाट्यांवरून हात फिरवला, एखादा चुकीचा लागलाय का बघायला.
मग कसाबसा गुडघ्यांवर आला
आणि फटीत बोट घातलं,
आणि बराच वेळ काढलंच नाही.
मागच्या छोट्या काचेतून
रुमालाची गाठ दिसत होती,
खाली मानेची दोन हाडं.

तो उठला, भिंतीकडे गेला,
पान्यांची पेटी उचलून तिच्या पायांशी ठेवली.
हे कशाला?
वाटेत लागतं.
एवढं सगळं?
जुनी गाडी आहे, आर्डिस.

मी पळत पुढे जाऊन फाटकापाशी उभा राहिलो, कान देऊन.
त्यानं रूळ तिरके घेतले,
एक चाक, मग दुसरं,
आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर पडावं तसं.
काहीही घासलं नाही.
खिडकीतून तिचा हात बाहेर आला,
मला की वाऱ्याला, कळलं नाही.

ऑक्टोबरात पेटीशेजारी एक जॅक आला.
बर्फ पडायच्या आधी, माझ्या मांडीवरची ती बॅटरी.
ती पाय वर घेऊन बसायची, तक्रार न करता.
दर रविवारी निघण्याआधी
तो मला मागे पाठवायचा, मोज म्हणून.
मी मोजायचो.
बरोबर, मी म्हणायचो.
आणि बरोबरच असायची.